म्यूचं चिन्ह

आमच्या सरांचा एक नियम होता. कुठलंही गणित दोघांनी करायचं, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द न काढता. शनिवारी सकाळी अकराला सरांच्या टेबलावर दोघांचे कागद शेजारीशेजारी ठेवायचे. सर चष्मा कपाळावर चढवून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहायचे आणि गुजरातीत विचारायचे, "मेळ पडे छे?" मेळ बसला असेल तर चहा यायचा. बसला नसेल तर ज्याचं चुकलं त्याने पुढच्या शनिवारपर्यंत आपली चूक शोधून आणायची. कुणाचं चुकलं हे कसं ठरवायचं, याबद्दल मात्र काही नियम नव्हता. तशी वेळ कधी आलीच नाही, असं सर अभिमानाने सांगायचे.

ती वेळ आली तेव्हा सरांकडे पीएच.डी. करणारे आम्ही दोघंच होतो. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. बडोद्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, माझी मामेभावंडं एकामागून एक अमेरिकेच्या गोष्टी करू लागली होती, आणि विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात, गळक्या छताच्या दोन खोल्यांत, आम्ही कुणीही न पाहिलेल्या कणाचं वजन काढत बसलो होतो. तो माझ्यामागून दोन वर्षांनी आला. वयातही तेवढंच अंतर. पण तो मला ताई म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा, मी त्याला अरे-तुरे. असं कुणी ठरवलं नव्हतं. माझे पणजोबा संस्थानच्या विद्याखात्यात, आजोबा दप्तरात, वडील शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत, आणि वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर. बडोद्याच्या मराठी घरांत हे न विचारता कळतं. संस्थान जाऊन पन्नास वर्षं होत आली होती तरी लेखणीवाले कोण आणि तलवारवाले कोण, हे हळदीकुंकवाला कोण कुठे बसतं त्यावरूनही सांगता यायचं. मी स्वतःला या सगळ्याच्या पलीकडची समजत होते, कारण मी विज्ञान करत होते.

आमचं काम काय होतं ते सांगते. फार कठीण नाही, कठीण वाटावं अशी आम्हीच व्यवस्था करून ठेवलेली आहे. दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांच्याच वजनावर त्या केव्हाच विस्कटून जायला हव्या होत्या. म्हणजे न दिसणारं काहीतरी आहे आणि ते दिसणाऱ्याच्या कित्येक पट जड आहे. ते कशाचं बनलंय हे कुणाला ठाऊक नाही. सुपरसिमेट्री नावाचा सिद्धांत म्हणतो की निसर्गातल्या प्रत्येक कणाला एक जोडीदार कण आहे, आजवर न दिसलेला. त्या जोडीदारांपैकी जो सगळ्यात हलका, तो मोडून दुसरं काही होऊ शकत नाही. विश्वाच्या आरंभी असे जे तयार झाले, त्यांतले उरलेसुरले अजून आपल्या आसपास असणार. त्यांना आम्ही उमेदवार म्हणायचो. उमेदवार बरेच होते. स्न्यूट्रिनोची अनामत आमच्याआधीच जप्त झाली होती, ग्रॅव्हिटिनो कधी कुणाच्या हाती लागेलशी चिन्हं नव्हती. सगळ्यांचा भरवसा न्यूट्रलिनोवर होता. आपल्या हयातीत तो सापडेल अशी सरांची खात्री होती. माझे वडील तर घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे की मुलगी विश्व कशाने भरलंय ते शोधते आहे, आणि मी आतल्या खोलीत ते ऐकत बसायचे.

गणित सुरू करताना चार संख्या आणि एक चिन्ह घ्यायचं. चिन्ह म्यू नावाच्या राशीचं, अधिक किंवा उणे. निसर्गाने त्यांतलं कुठलं निवडलंय हे माहीत नसल्याने दोन्ही घेऊन पाहायचं. एवढ्यावरून न्यूट्रलिनोचं वजन काढायचं आणि आरंभापासून आजवर किती न्यूट्रलिनो उरले असतील ते काढायचं. प्रमाणाबाहेर उरत असतील तर तो संच बाद. मग बी-क्वार्क नावाच्या कणाचा एक दुर्मीळ क्षय, म्हणजे तो मोडून दुसरे कण होण्याचा प्रकार, परदेशात मोजला गेला होता, त्याच्याशी जुळत नसेल तर तोही बाद. असे हजारो संच. जो वाचेल त्याचा आलेखावर एक ठिपका.

म्यूच्या चिन्हाची एक गोची आहे. एकच सूत्र काही लोक अधिक म्यू धरून लिहितात, काही उणे म्यू धरून. दोन्ही बरोबर. आमच्या घरी नवं वर्ष पाडव्याला चैत्रात लागायचं, शेजारच्या गुजराती घरी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि कुणाचं काही अडत नसे. फक्त वर्षाचा आकडा एका पंचांगातून आणि वर्षारंभ दुसऱ्यातून घ्यायचा नाही. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांना हे मीच बजावून सांगायचे.

माझं अर्धं काम एका परदेशी गटाने लिहिलेल्या तयार प्रोग्रॅमवर चालायचं. क्षयाचा भाग त्याच्यात होता. वजनं आणि उरलेल्या कणांचा भाग मी स्वतः पुस्तकातल्या सूत्रांवरून लिहिला होता. दोन्ही भाग छापील कोष्टकांशी ताडून पाहिले होते आणि ते तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळत होते. तो मात्र सगळं पहिल्यापासून स्वतः मांडायचा. परक्याचा प्रोग्रॅम वापरायला तो तयार नसे. आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं म्हणे. चार जाड चौकटीच्या वह्या त्याने भरल्या, मग त्यावरून आपला प्रोग्रॅम लिहिला. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटायचा. तसं मी एकदा सरांजवळ बोललेही होते, अर्थात जरा बऱ्या शब्दांत.

त्या शनिवारी मेळ बसला नाही. थोडाथोडका नव्हे, अजिबातच बसला नाही. माझ्या आलेखावर उणे बाजूचे ठिपके जवळजवळ सगळे वाचले होते आणि अधिक बाजू ओस पडली होती. त्याच्या आलेखावर अधिक बाजू भरलेली आणि उणे बाजू रिकामी. यातला फरक नुसता आलेखातला नव्हता. त्याचं खरं असेल तर जमिनीखाली खोल पुरलेल्या नव्या उपकरणांत न्यूट्रलिनो पुढच्या काही वर्षांत सापडायला हवा होता. माझं खरं असेल तर तो उपकरणांच्या हातावर तुरी देऊन जाणार होता. सरांनी दोन्ही कागद उन्हाकडे धरून पाहिले. चहा आला नाही.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला की दोन्ही आकृत्या जवळजवळ आरशातल्या वाटतात, कुठेतरी चिन्ह उलटलंय. मी म्हटलं, जवळजवळ, पण पुरत्या नाहीत. आणि चिन्ह उलटलं असेल तर ते छापील कोष्टकांशी जुळणाऱ्या गणितात उलटलं असेल की हाताने भरलेल्या चार वह्यांत, हे तूच सांग. त्याच्याकडे कोष्टकं नव्हती. त्याने जे केलं होतं त्याला जगात ताडून बघायला काहीच नव्हतं, कारण ते फक्त त्याने केलं होतं.

तो तीन आठवडे वह्या तपासत होता. एक उणे चिन्ह शोधायला चार वह्या. ज्यांनी हे केलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. माणूस दहाव्या पानावर पोचतो तेव्हा पाचव्या पानावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. तो दाढी न करता येऊ लागला. डबा न उघडता परत न्यायचा. मी ते बघत होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"ताई, तो बाहेरचा प्रोग्रॅम मला छापून द्या ने. पहिल्या ओळीपासून वाचून बघतो."

मी सांगितलं की ऐंशी पानं होतील, प्रिंटरची रिबन फिकी झाली आहे आणि नवी कधी येईल ते देव जाणे. शिवाय तो प्रोग्रॅम जगभर वापरतात. तू आधी आपल्या वह्या बघ. यातलं काही खोटं नव्हतं. रिबन खरंच फिकी झाली होती. पण त्याच फिक्या रिबनीने काढलेली एक प्रत माझ्या कपाटात पडलेली होती, हे मी सांगितलं नाही. का नाही, ते आज नेमकं सांगते: त्याने माझ्या कामात डोकावावं, हे मला खपत नव्हतं. त्याला काही सापडेल अशी भीती नव्हती. भीती असती तर निदान मला थोडं तरी कळत होतं असं म्हणता आलं असतं.

तिसऱ्या शनिवारी त्याने सरांना सांगितलं की भूल सापडत नाही, पण भूल माझीच असणार. सर दुष्ट नव्हते. पण त्यांना परिषदेला निबंध पाठवायचा होता आणि मुदत संपत आली होती. ते त्याला म्हणाले की चुका सगळ्यांच्या होतात, पण ज्याला स्वतःची चूक सापडत नाही त्याने हे काम करू नये, त्याच्यासाठीच ते बरं नाही. निबंध सरांच्या आणि माझ्या नावाने गेला.

त्या दिवशी सायकल स्टँडजवळ मी त्याला गाठलं. मला वाटत होतं की मी फार मोठ्या मनाने वागते आहे. मी म्हटलं, "यात वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाचं डोकं वेगळं असतं. तुझा हात चांगला आहे, कारखान्यात तुझ्यासारख्या माणसाचं सोनं होईल." तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने माझे आभार मानले. खरोखर मानले, त्यात टोमणा नव्हता. मी घरी जाताना गुणगुणत गेले होते, हे आठवलं की मला आजही अंगावरचे कपडे फाडावेसे वाटतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात लागल्याचं कळलं, वाफेचा दाब आणि तापमान दाखवणाऱ्या मीटरांची देखभाल करायला. मी पीएच.डी. झाले. वडिलांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. शहरातल्या एका कॉलेजात मला नोकरी लागली आणि तिथे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना लंबक शिकवू लागले. तो एक निबंध सोडला तर मी पुढे काही केलं नाही. बायका लग्नातला शालू जपतात तसा मी तो जपला. सर वारले तेव्हा विभागातल्या शोकसभेला तो कंपनीचा निळा शर्ट घालून आला होता, मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मी विचारपूस केली. बरं चाललंय म्हणाला, छाणीला घर घेतलंय म्हणाला, मला फोन नंबर दिला.

त्यानंतर काही वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत, मला जुना प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघायची लहर आली. कारण काही नव्हतं. वडील गेले होते, घरात मी एकटी, दुपारी करायला काही नसायचं. फ्लॉप्या वाचेनाशा झाल्या होत्या. माझा भाग प्रबंधाच्या शेवटी छापलेला होता, बाकीच्यासाठी कपाटातली ती छापील प्रत काढली, कडेला भोकं असलेला घड्यांचा लांबलचक कागद, आणि त्यावरून लॅपटॉपवर एकेक ओळ टाइप करू लागले. प्रोग्रॅम लिहिणारे मधेमधे माणसांसाठी टिपा लिहून ठेवतात. यंत्र त्या सोडून देतं. मीही सोडून द्यायचे. पण टाइप करताना डोळ्यांखालून जातातच. पहिल्याच पानावर, वरून सातव्या ओळीत, फिकट शाईत लिहिलं होतं की या प्रोग्रॅममध्ये म्यूचं चिन्ह नेहमीच्या पुस्तकांच्या उलट धरलेलं आहे, वापरणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग माझ्या भागातून त्या भागात म्यू जिथे जात होता तिथे एक उणे चिन्ह घातलं आणि प्रोग्रॅम चालवला. ज्या कामाला पूर्वी तीन दिवस लागायचे ते पाणी पिऊन येईपर्यंत झालं. पडद्यावर त्याचा आलेख होता. अधिक बाजू भरलेली, उणे बाजू रिकामी, अगदी कोपऱ्यातल्या त्या विरळ ठिपक्यांसकट. मी दोन्ही भाग वेगवेगळे तपासले होते, दोन्ही निर्दोष होते. ते जिथे जोडले तिथे मी पाहिलंच नव्हतं. लेथवाल्याच्या मुलाने सगळ्यात आधी तेच पाहिलं असतं. पहिल्या ओळीपासून वाचणारा माणूस सातव्या ओळीला थांबला असता, आणि त्या शनिवारी चहा आला असता.

उठून त्याच दिवशी छाणीला जायला हवं होतं. नंबर वहीत होता. मी फोन उचलला नाही, आणि का उचलला नाही याची कारणं मी स्वतःला रोज नवी देत राहिले. सर आता नाहीत, निबंध कुणी वाचत नाही, तो सुखात आहे, जुन्या जखमेची खपली कशाला काढा. शेवटी एक कारण असं सापडलं की ते मला जवळजवळ शास्त्रीय वाटलं. जिनिव्हाजवळ जमिनीखाली एक अजस्र यंत्र चालू झालं होतं, आणि सुपरसिमेट्रीचे कण असतील तर ते तिथे दिसणार होते. नसतील तर माझा आलेख आणि त्याचा आलेख, दोन्ही सारखेच चूक. मग मी त्याचं काय हिरावलं? काहीच नाही. म्हणून मी वाट पाहू लागले. ज्या कणावर तारुण्य घालवलं तो सापडू नये अशी वाट पाहू लागले. सर जिवंत असते तर सकाळी उठून आधी त्या यंत्राच्या बातम्या वाचल्या असत्या. मीही वाचायचे, आणि काही सापडलं नाही असं दिसलं की निर्धास्तपणे चहा टाकायचे. इतकं हलकं होता येतं हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं.

कण सापडला नाही. त्या यंत्रात नाही, जमिनीखालच्या उपकरणांतही नाही. आम्ही दोघांनी ज्या संचांवर ठिपके काढले होते ते बहुतेक सगळे पुसले गेले, माझे तसेच त्याचेही. न्यूट्रलिनो नाहीच असं काही सिद्ध झालं नाही. तो असलाच तर जास्त जड असेल, आणखी निसटता असेल, आपल्या पोचीच्या पलीकडे असेल, असं म्हणत लोक नवे आलेख काढत राहिले. मला त्यांची कीव येत नाही, मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्यात नवा आलेख काढण्याइतकीही आशा उरली नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे, उपकरणांना काही दिसत नाही, हे वरवर पाहता माझ्याच चुकीच्या निबंधाशी जुळत होतं.

आता सांगायला हरकत नाही असं मला तेव्हा वाटलं. खरं बोलण्याने आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून मी खरं बोलायला निघाले.

थंडीतला रविवार होता. छाणीच्या पुढे, पत्र्याच्या छोट्या वर्कशॉपांच्या मागे त्याचं बसकं घर होतं, अंगणात तुळस आणि स्कूटर ठेवण्यापुरती जागा. त्याचे केस पांढरे झाले होते. बायकोने पोहे आणि चहा दिला आणि आम्हाला बोलायला मोकळं सोडून ती शेजारी गेली. मुलगी क्लासला गेली होती, येईलच म्हणाला. मी पिशवीतून कागद काढले आणि सगळं सांगून टाकलं, कपाटातल्या प्रतीसकट. पाठ करून गेले होते म्हणून थांबावं लागलं नाही.

तो ऐकत होता आणि त्याच वेळी पहिलं पान पहिल्या ओळीपासून वाचत होता. सातव्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मग दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवले, सर ठेवायचे तसे. त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं तो चिडेल, पण तो आनंदला होता. चौथ्या वहीतलं एक लांबलचक सूत्र त्याने माझ्या कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं, न अडखळता, आणि म्हणाला की इथे मला नेहमी वाटायचं की हे बरोबर आहे, सतरा वेळा करून पाहिलं होतं. सरांना हे कळलं होतं का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. कण सापडला का, असं विचारलं. त्यालाही मी नाही म्हटलं, आणि आता बहुधा सापडणार नाही असंही सांगितलं. त्याचं त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. तो आलेखाकडे बघत होता.

मग त्याने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, ताई?"

मला खोटं बोलता आलं असतं. गेल्या महिन्यात म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मी खरं बोलायला आले होते आणि मला त्याची किंमत माहीत नव्हती.

"अडीच वर्षं झाली. मे महिन्यात."

"मे महिन्यात," तो म्हणाला. "निकालाच्या आधी."

कुठला निकाल ते मला कळलं नाही. ते त्याने सांगितलं, अगदी सावकाश, आवाज न चढवता. त्याच जूनमध्ये मुलीचा दहावीचा निकाल लागला होता. गणितात ती शाळेत पहिली. तिला सायन्सला जायचं होतं, पुढे पदार्थविज्ञान करायचं होतं. शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या की हिला अडवू नका. ती आठ दिवस रडत होती. त्याने तिला कॉमर्सला घातलं. तिला समोर बसवून त्याने समजावलं होतं की आपल्या घरात ते डोकं नाही, मी स्वतः करून बघितलंय, तीन आठवडे शोधून एक चूक सापडली नाही मला, तुझे ते हाल मी होऊ देणार नाही. तिने मग पुन्हा विषय काढला नाही. आता ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती.

मी म्हटलं की अजूनही काही करता येईल, मी शिकवीन तिला, मी कॉलेजात बोलेन. तो माझ्याकडे बघत राहिला. मी बोलायची थांबले. अकरावी-बारावीला सायन्स न घेतलेल्या मुलीला पुढे पदार्थविज्ञानात प्रवेश मिळत नाही, हे त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं. दरवर्षी प्रवेशाच्या टेबलावर मीच बसते.

बाहेर स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला. त्याने कागद गोळा केले, नीट घडी केली आणि माझ्या पिशवीत घातले. ज्यावर त्याने सूत्र लिहिलं होतं तो कागदही घातला.

"तिला यातलं काही कळता कामा नये," तो हळू म्हणाला. "मी बरोबर होतो हे तिला कळलं ने, तर ती मला कधी माफ करणार नाही."

मुलगी आत आली. उंच, बापासारखंच कपाळ. दाराशी चपला काढून तिने मला वाकून नमस्कार केला.

"या आमच्या ताई," तो तिला म्हणाला. त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "विद्यापीठात माझी गणितं यांच्याशी ताडून बघायचो. मी किती चुकायचो ते विचार यांना."

ती हसून माझ्याकडे बघत उभी राहिली. तोही बघत होता.

"हो," मी म्हटलं. "फार चुकायचे तुझे बाबा."